उठून जाता येणार नाही अशी जागा

३ तारीख, सोमवार

बाबांनी आज डॉक्टरांसमोरच सांगून टाकलं — माझे दोन्ही मुलगे एका तोंडानं काय ते सांगतील. 'करा' म्हणाले तर करीन, 'नको' म्हणाले तर नको. पण एका तोंडानं. नाहीतर आहे तसा बरा आहे मी.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे.

हृदयाची एक झडप खराब झाली आहे. ती बदलायची तर लवकर, पुढे शरीराला झेपणार नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाबांचं वय शहात्तर.

परतताना बसमध्ये मी म्हणालो, "बाबा, दादा आणि मी एका खोलीत बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हणूनच," म्हणाले. मग बराच वेळ ड्रायव्हरच्या पायाकडे बघत राहिले. "क्लचवर पाय ठेवून चालवतोय बघ. जाळणार हा." जन्मभर बस चालवली, दुसऱ्याच्या बसमध्ये त्यांना सुख नाही.

४ तारीख, मंगळवार

झोप लागली नाही म्हणून लिहून ठेवतो.

आईच्या वेळीही ऑपरेशनचाच प्रश्न होता. मी म्हणत होतो, नको. ती थकली आहे, घरी राहू दे, देवाचं नाव घेत राहू दे. दादा म्हणाला, करायचं. आणि डॉक्टरांना जाऊन सांगूनही आला. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. तेव्हा हॉस्पिटलच्या दारात मी दादाला म्हणालो, "आईला तू घालवलंस."

सात वर्षं झाली. तेव्हापासून मी आलो की दादा उठतो. भांडत नाही, बोलत नाही. नुसता उठतो. वहिनीनं एकदा मुद्दाम दोघांना जेवायला बसवलं, तर भात अर्धा टाकून उठला. पुतणीच्या निकालाच्या दिवशी पेढा तोंडात होता, तसाच चपला घालून बाहेर.

ते वाक्य बोलायला नको होतं, हे कळतं. पण ते खोटं आहे असं मला अजूनही वाटत नाही. देवासमोर बसलो की हेच आडवं येतं.

६ तारीख, गुरुवार

आज कप्तान आला होता. हॉटेलच्या चादरी-टॉवेलांबरोबर आमच्या लाँड्रीत बाहेरचेही कपडे घेतो आम्ही. हा आपल्या बोटीच्या सोफ्यांची कव्हरं आणतो. तेलाचे डाग, आइस्क्रीमचे डाग. डाग बघून मला पाहुण्यांची तब्येत कळते असं मी त्याला म्हणालो, तर म्हणाला, "मग एकदा पाहुणे होऊन या की. डाग आम्ही धुऊन घेऊ तुमच्याकडूनच."

त्याची बोट मी धक्क्यावरून पाहिली आहे. दोन लांब पोकळ नळकांडी, त्यावर सपाट फळी, कडेनं कठडा, वर कापडी छत. घराची ओसरी उचलून पाण्यात सोडावी तशी. ती अख्खी भाड्यानं मिळते. चालवायला कप्तान स्वतः. खाडीत चक्कर मारून आणतो.

सहज विचारलं, "आणि मधेच कुणाला उतरायचं झालं तर?"

"पोहता येत असेल तर कधीही."

हसलो. मग इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर सरकवताना हात थांबला. उठून जाता येणार नाही अशी जागा!

दादाला पोहता येतं. विहिरीत ढकलून मला त्यानंच शिकवलं. पण कपड्यानिशी उडी टाकायचं वय आता त्याचं राहिलेलं नाही.

७ तारीख, शुक्रवार

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "सख्ख्या भावाशी बोलायला माणसाला बोट लागते?"

"लागते," म्हणालो.

"मग जहाज घ्या. बोट पुरायची नाही तुम्हा दोघांना."

पण वहिनीला फोन तिनंच लावला. दोघी बराच वेळ बोलल्या. मधेच हसण्याचाही आवाज. आमच्यावर हसायला दोघींचं एकमत व्हायला काहीच लागत नाही.

ठरलं ते असं : बाबांना पाणी बघायचंय, धाकट्याला पुढच्या रविवारी ड्युटी आहे, म्हणून तुम्ही घेऊन चला — असं वहिनी दादाला सांगणार. मी आधीच बोटीवर जाऊन बसणार.

९ तारीख, रविवार

ड्युटी आहे हे वहिनी बोलली, मी नाही. पण खोट्याला खांदा दिला की ते आपलंही झालं. देवाला तसं सांगितलं.

आणखी एक ठरवलं. मला अजूनही ऑपरेशनची भीती वाटते. आईचा चेहरा जात नाही डोळ्यांपुढून. पण दादा 'करा'च म्हणणार. त्याचा स्वभावच तो, दार अडलं की धक्का मारायचा. तेव्हा मी माझं सोडायचं. तो म्हणेल ते मीही म्हणायचं. एक तोंड व्हायला कुणीतरी आपलं मिटायला हवं.

१२ तारीख, बुधवार

बाबा आज जिन्यातच बसले. शेजारीण खुर्ची घेऊन धावली. "बसलो नाही, स्टॉप घेतलाय," तिला म्हणाले. ओठ काळेनिळे झाले होते.

१६ तारीख, रविवार

जाऊन आलो. लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

मी लवकर पोचलो. बोटीच्या मागच्या बाजूला कपडे बदलायची एक चिंचोळी खोली आहे, कप्तान म्हणाला, "तिथे थांबा, सुटलो की बाहेर या." पन्नाशीला आलेला माणूस, लाइफ जॅकेटांच्या ढिगात गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. देवाचं नाव घ्यायलाही लाज वाटली.

बाहेर बाबांचा आवाज. कप्तानाची चौकशी चाललेली. "गिअर किती?"

"पुढे, मागे आणि मधे, आजोबा."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नसतो."

"मग थांबता कसे?"

"आधीपासून थांबायला लागायचं."

बाबांना ते फार आवडलं. दोनदा म्हणून दाखवलं त्यांनी.

दोर सुटला, इंजिन लागलं, धक्का दूर गेला. तेव्हा मी बाहेर आलो. दादानं पाहिलं. उठलाच. कठड्यापर्यंत गेला, पाण्याकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं. मग वहिनीकडे. वहिनी पिशवीत काहीतरी शोधत होती, केव्हाची. शेवटी तो अगदी पुढच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. त्याच्या टकलावर ऊन पडत होतं. दादाला टक्कल पडलंय हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं त्याला उठतानाच पाहिलेलं, बसलेला असा पाहिलाच नव्हता.

खाडी सुंदर होती. उगाच खोटं कशाला लिहू. टेकड्या, पांढरी घरं, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारे काळे पक्षी. हिनं मला कोपरानं ढोसलं, "अहो, बघा तरी. भाड्यानं घेतलंय ना."

खाडीच्या मध्यावर कप्तानानं इंजिन बंद केलं. सगळ्यांनाच तो इथे शांतता ऐकवतो म्हणे. मग आमचे चेहरे पाहून स्वतः मागे गेला आणि दोर गुंडाळत बसला.

बाबा म्हणाले, "चला. आता इथून कुणी कुठे जात नाही. सांगा."

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं.

मी मनात घोकून ठेवलेलं बोललो. "दादा आईच्या वेळी जे म्हणाला, तेच माझं आता. करा, बाबा."

दादा वळला. "डोकं फिरलंय का तुझं?" सात वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मग बाबांना म्हणाला, "नको. अजिबात नको. आईच्या वेळी हा म्हणत होता तेच खरं होतं. घरी राहा, खा-प्या, देवाचं नाव घ्या."

"अरे, पण डॉक्टर सांगतायत —"

"डॉक्टर तेव्हाही सांगत होते."

"म्हणून काय हातावर हात धरून बसायचं?" हे त्याचं तेव्हाचं वाक्य. माझ्या तोंडून जसंच्या तसं आलं.

"माणसाला शांतपणे जाऊ द्यावं," हे माझं. त्याच्या तोंडून.

आवाज चढले. पाण्यावर आवाज लांब जातो. एक पक्षी उडाला. वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं नुसत्या बाजू बदलून भांडताय!"

बाबा हसायला लागले. इतके हसले की श्वास अडला. हसणं थांबलं आणि श्वास परत येईना. दादानं त्यांना मागून छातीशी धरलं, मी पाय उचलून मांडीवर घेतले. कप्तानानं न सांगता इंजिन लावलं. परत येईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, मधे बाबा. हळूहळू ओठांचा रंग परत आला. धक्का दिसायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, "आधीपासून थांबायला लाग रे, कप्तान."

उतरताना कप्तान मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या बोटीवर लोक भांडत नाहीत असं नाही. पण दुसऱ्याचं एवढं पाठ करून भांडणारे तुम्हीच पहिले."

१७ तारीख, सोमवार

एक तोंड झालं नाही. दोन होती, दोनच राहिली. नुसती अदलाबदल.

दादाला ऑपरेशनची भीती वाटते हे मला सात वर्षं कळलं नाही. कधीपासून वाटते, कुणास ठाऊक. आईच्या आधीपासून?

१९ तारीख, बुधवार

दादा लाँड्रीत आला. मी वाफेत होतो, आधी ओळखलंच नाही. घड्या घालायचं यंत्र बंद पडलेलं, चादरींचा डोंगर. दोन माणसांशिवाय मोठ्या चादरीची घडी होत नाही. त्यानं समोरची दोन टोकं धरली. लहानपणी आईबरोबर धरायचा तशीच — अंगठे आत.

बऱ्याच चादरी झाल्या. मग तो म्हणाला, "तुला खरंच वाटतं, करावं?"

"नाही. तुला वाटतं म्हणून म्हणालो."

"मलाही तुला वाटतं म्हणूनच." टोकं जुळवत माझ्याजवळ आला. "खरं विचारशील तर मला काही कळत नाही."

"मलाही नाही."

"मग हेच सांगू."

"हे कसं सांगायचं? त्यांना उत्तर हवंय."

"एक तोंड हवंय म्हणाले. उत्तराचं कुठे म्हणाले?" हसला नाही. पण दादा विनोद करताना कधीच हसत नाही, हे आठवलं.

सुपरवायझरनं येऊन विचारलं, हे कोण? म्हणालो, "मोठे बंधू." केवढं बरं वाटलं म्हणायला.

२० तारीख, गुरुवार

दोघांनी मिळून सांगितलं. बाबांच्या खाटेवर शेजारी शेजारी बसून, शाळेत गुन्हा केल्यासारखे. "बाबा, आम्हाला कळत नाही."

वाटलं होतं, रागावतील. नाही रागावले. दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दोन दिवस द्या मला."

दादा चहा प्यायला. पूर्ण प्यायला. कप हिनं उचलला तेव्हा तिचे डोळे भरलेले.

आज देवाजवळ काही मागितलं नाही.

२२ तारीख, शनिवार

बाबांनी दोघांना बोलावलं. म्हणाले, "करायचं. माझं मी सांगतोय. तुमच्या दोघांच्याही डोक्यावर नको." मी हो म्हणालो. उठणार, तर माझा हात धरला.

"तुझ्या आईनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला विचारलं होतं, करू का म्हणून. मी म्हणालो, कर. डॉक्टरांना सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून याला पाठवलं. तू दारात याला जे बोललास ना, तेव्हा मी दाराआडच उभा होतो."

मी दादाकडे पाहिलं. तो बाबांच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत होता. मान वर न करता म्हणाला, "राहू द्या ना, बाबा. त्याला कशाला सांगताय."