वखारीतला कोपरा

ता. ४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आपल्या लाकडाच्या वखारीचं घर होतंय, ऊर भरून येतो गं. जुन्या तुळया तशाच राखल्यात. आर्किटेक्ट म्हणतो, अशा वास्तूत आत भिंती घालणं पाप. त्यामुळे सगळं मोकळं. न्हाणीघरालाही नुसती काच. लाकूड वाळावं म्हणून आजोबांनी फळ्यांत ठेवलेल्या फटीसुद्धा तो बुजवू देत नाही. वास्तूचा श्वास म्हणे.

नानांच्या खोलीचं म्हणशील, तर 'खोली' म्हटलं की त्याचं तोंड कडू होतं. नानांना छानसा कोपरा देतोय.

लोभ आहेच, घर बघून वाढेल.

तुझा बाळू

ता. ११ जानेवारी

चि. बाळूस, अ. उ. आ.

हसावं की रडावं कळेना. ओंडके होते तिथे तुम्ही राहा, पण ओंडक्यांसारखे का? म्हाताऱ्या माणसाला खोकायला, कण्हायला, रुसायला एक दार लागतं. शिवाय नानांची खुर्ची शोभेसाठी तुळईला टांगलीस, हे मात्र पत्रात खुबीने गाळलंस.

महिनाअखेर दार झालं नाही, तर मी येऊन नानांना घेऊन जाईन. आर्किटेक्टला विचार, त्याच्या घराला दारं किती?

माया आहे म्हणून कान उपटते.

तुझी ताई

ता. २९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दार नानांनीच शोधलं. आवारातली रखवालदाराची खोपटी आठवते? चार भिंती, एक कडी. खुर्ची उतरवून घेतली आणि तिथे राहायला गेले. लोक काय म्हणतील म्हणून मी नाक मुरडलं. मग वारा सुटला.

आता घरभर शिट्ट्या वाजतात. पाहुणे तोंडभर कौतुक करतात आणि न्हाणीघर दिसलं की घाईने निघतात. काल आर्किटेक्टला बायकोशी फोनवर भांडायचं होतं, तर खोपटीची कडी लावून तासभर आत! तुझी भावजय 'तिथे दारं आहेत' म्हणून माहेरी गेली. मी सर्दीने बेजार आहे.

चुकलं गं माझं. नानांकडे जागा मागायला तोंड नाही. त्यांना न्यायला नको, माझ्यासाठी शब्द टाकायला ये.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा बाळू

ता. ३ फेब्रुवारी

चि. लेकीस, अ. उ. आ.

येण्याची घाई करू नकोस, मी सुखात आहे. काल बाळू काखेत उशी मारून दारात उभा राहिला. खोलीत दोघांपुरती जागा नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. मग माझी खाट सरकवली, त्याला कोपरा करून दिला आणि आतून कडी लावली. शेवटी मी बाप आहे, आर्किटेक्ट नव्हे.

आमच्यावर माया ठेव.

तुझे नाना