मॅनेजरच्या प्रकृतीबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून कुरकुरतात, की तक्रार करून करून थकले? मेहुणे आणि मुलं मजेत असतील असं धरून चालतो. नसतील तर पुढचं वाचू नकोस, कारण आमची हकिगत वाचून कोणाला बरं वाटेल असं काही नाही. फोन का केला नाही, असं तू विचारशीलच. फोन आला की बाबा तो स्पीकरवर लावायला लावतात आणि मधूनच भलत्याच विषयात शिरतात. तुला अर्धंच कळलं असतं आणि तेही चुकीचं. हे पत्रसुद्धा टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं आहे. (उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस तो, घरातून एक ओळ न तपासता बाहेर जाऊ देत नाही. वाण्याकडच्या चिठ्ठीतला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुटत नाही.)

तर मॅनेजर आजारी पडला. कोण मॅनेजर म्हणून विचारू नकोस. मुठीएवढा असताना ज्याला कापडी पिशवीतून माझ्या शिवणाच्या दुकानात आणलंस आणि ‘आठवडाभर सांभाळ रे’ म्हणून जी गेलीस ती गेलीसच, तोच हा. आता कापायच्या टेबलाखाली त्याचं ऑफिस आहे. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की तो गुरगुरतो, एरवी काडीचं काम करत नाही. परवा सकाळी साहेब जिना उतरून आले ते झिंगल्यासारखे. पायात पाय अडकत होते, भिंतीला धडकले, मशीनपाशी आडवे झाले. तोंडातून लाळ गळत होती आणि अंगाला कंप सुटला होता. हाक मारली तर शेपूटसुद्धा हलेना. ताई, माझ्या हातातली कात्री खाली पडली.

आता शिंप्याच्या डोक्यात काय येणार? यानं टाचणी गिळली. मी टाचण्या उचलायचा लोहचुंबक काढला आणि त्याच्या अंगावरून फिरवला. (हसू नकोस. त्या वेळी मला तो मोठाच शोध वाटला होता.) गळ्यापाशी लोहचुंबक खटकन चिकटला आणि मला दरदरून घाम फुटला. टाचणी गळ्यात अडकली म्हणून मी बोंब ठोकली, तेव्हा तुझी भावजय म्हणाली की तो पट्ट्याच्या बकलाला चिकटलाय. तेवढ्यात समोरचा प्लंबर धावत आला. पाइप तुंबला की जोर लावायचा एवढंच त्याचं शास्त्र, त्यामुळे मिठाचं पाणी पाजा, सगळं बाहेर पडेल, असं त्यानं फर्मावलं. मॅनेजरला गिळता येत नव्हतं. निम्मं पाणी प्लंबरच्या पँटवर गेलं, उरलेल्याचा त्याला ठसका लागला आणि तो आणखीच मलूल झाला. घरात डोकं असलेलं माणूस एकच, ते म्हणजे तुझी भावजय. तिनं आम्हा दोघांना बाजूला सारलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई तोंडाच्या फटकळ आहेत. हिरड्या पांढऱ्या आहेत का, श्वास कसा चाललाय, कधीपासून असं आहे, सगळं विचारलं. मिठाच्या पाण्याबद्दल मला आणि प्लंबरला मिळून जे ऐकवलं ते बाबांसमोर वाचण्यासारखं नाही. मग विचारलं, पोटात काय गेलंय? आमच्याकडे कुत्र्याला त्याच्या ताटलीबाहेर काही द्यायचं नाही असा नियम आहे, आणि नियम मोडल्याचं कबूल करायचं नाही ही रीत. तेव्हा सगळ्यांनी कानावर हात ठेवले. बाई म्हणाल्या, “पोटात काय गेलं ते आधी सांगा. तुमची अब्रू नंतर वाचवू.” तेव्हा कुठे एकेक बाहेर पडलं. तुझी भावजय त्याला लोणी द्यायची, मी चहातलं बिस्कीट द्यायचो, प्लंबरची बायको हाडकं टाकायची. लेकाच्या तीन घरी पंगती चालल्या होत्या. पण बाईंचं समाधान होईना. घरात कोणी गोळ्या घेतं का, म्हणाल्या. मी छाती फुगवून सांगितलं की बाबा साखरेच्या गोळ्या घेतात, पावाच्या तुकड्याबरोबर, आणि एक दिवस चुकवत नाहीत.

फोन स्पीकरवर होता. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, “गोळ्या तोच खातो. मला नकोत.”

बाबांची साखर उतरेना म्हणून त्यांचे डॉक्टर बुचकळ्यात पडले होते आणि याच आठवड्यात त्यांनी गोळी वाढवून दिली होती. उतरणार कुठून? आजार एकाला आणि औषध दुसऱ्याला. आधीची लहान गोळी मॅनेजरनं कशीबशी पचवली होती, ही मोठी त्याला झेपली नाही. बाईंनी सांगितलं की घशात काही ओतू नका, साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, गोळ्यांचं पाकीट घ्या आणि आहात तसे निघा. कुणाच्या तरी दिवाणखान्याचा मखमली पडदा शिवायला आला होता, त्यातच त्याला गुंडाळलं आणि प्लंबरच्या टेंपोतून नेलं. (गिऱ्हाइकाला पडद्याचं काम अजून चालू आहे असं सांगितलंय.) बाईंनी लगेच सलाइन लावलं.

घरी आल्यावर मी बाबांना नको नको ते बोललो. घ्यायच्या नव्हत्या तर टाकून द्यायच्या, त्या मुक्या जिवाला कशाला, म्हणालो. त्यांनी शांतपणे सांगितलं की मोरीत टाकलेल्या सुनेला सापडल्या होत्या, कुत्रा मागे काही ठेवत नाही. आई गेल्यावर त्यांना आता फार लांबवायचं नव्हतं. आणि ज्या औषधानं माणूस जगतो त्यानं कुत्रंही चार वर्षं जास्त जगेल, असं त्यांना खरोखर वाटलं होतं.

असो. मॅनेजर अजून दवाखान्यातच आहे, सुधारतोय. घरात गोळ्या इकडेतिकडे जात असतील तर कुत्रा परत पाठवणार नाही, असं बाईंनी बजावलंय. त्यामुळे बाबा आता गोळी घेतात आणि तोंड उघडून जीभ वर करून आम्हाला दाखवतात. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद, मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. दोन स्वल्पविराम उडवले आणि ‘सुधारतोय’खाली रेघ मारायला सांगितली.

ता. क. दुसरा. हे पोस्टातल्या खिडकीपाशी उभ्यानं लिहितोय, अक्षर सांभाळून घे. मॅनेजर त्याच संध्याकाळी गेला. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो. प्लंबर टेंपोत माझ्यापेक्षा जास्त रडला. बाबांना सांगितलं नाही, कारण तो परत यावा म्हणून तर ते गोळ्या घेतायत. तेव्हा ताई, पत्राचं खरं कारण हे की पुढच्या फोनवर तू त्याची चौकशी कर. बरा होतोय ना, असं मोठ्यानं विचार, म्हणजे त्यांना ऐकू जाईल. एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

ता. क. तिसरा. ते वरचं राहू दे. निघताना मी चपला शोधत होतो, तेव्हा बाबा आतून म्हणाले, “तो गेल्याचं ताईला कळवू नकोस. उगाच रडत बसेल.” मी चपलांच्या नादात ‘बरं’ म्हणून बाहेर पडलो. कशाला ‘बरं’ म्हणालो ते आत्ता पाकिटाला डिंक लावताना ध्यानात आलं. आज सकाळीही त्यांनी गोळी घेतली, तोंड उघडून मला जीभ वर करून दाखवली. फोन करू नकोस ताई, तूच ये.