अळंबीच्या वासाचा कोंडा

मी, ब्लाजेना कोप्रिवोवा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार यिहलावा, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी काही लिहून घेतलेले नाही. राग मात्र आहे. राग आणि भ्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नोटरी श्रीमती वोंद्राच्कोवा यांनी मान्य केले आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फार चांगली वागले होते.

कलम १. राहते घर नगरपालिकेचे आहे, त्यामुळे ते देण्याचा प्रश्न नाही. शिवणयंत्र आणि आईची लाल खड्यांची माळ माझी धाकटी बहीण बोहुन्का मालातोवा हिला द्यावी. माळ तिला लहानपणापासून हवी होती. आईने ती मला दिली, आणि त्याबद्दल बोहुन्का एकदाही कुरकुरली नाही. तिचा नवरा ओताकर कुरकुरला.

कलम २. माझी दाढीवाली सरडी येवा आमच्या सरीसृपप्रेमी मंडळातल्या राडका श्पिन्द्लेरोवा हिच्याकडे जावी. दिवा, काचेची पेटी आणि तिची आवडती फरशी सोबत द्यावी. येवा म्हातारी आहे, लाडावलेली आहे आणि अनोळखी माणसाकडे पाठ करून बसते. राडकाने मनाला लावून घेऊ नये.

कलम ३. येवाला खायला घालायच्या रातकिड्यांचे खाद्यही राडकालाच मिळावे. गव्हाचा कोंडा, दळलेले ओट, दुधाची पावडर आणि वाळवलेला लसूणघास यांचे प्रमाण मी तिला तोंडी शिकवले आहे. ते तिने कोणाला सांगावे हा तिचा प्रश्न. ओताकरला सांगू नये हा माझा. साठवणीबद्दल मात्र इथे लिहून ठेवते. कोंडा आणल्यावर आधी दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे त्यातली बारीक कीड मरते. मग बाहेरचा दमटपणा पुसून, रबरी कडेच्या घट्ट डब्यात भरावा. डबा थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. जुने संपल्याशिवाय नवे उघडू नये. आणि रंग, रॉकेल, उंदराचे औषध, कसर मारायला टांगतात ती विषारी वाफेची पट्टी यांच्या सावलीलाही तो ठेवू नये. कोंडा हवेतले सगळे पिऊन घेतो. जे कोंडा पितो ते रातकिडा खातो, आणि जे रातकिड्याच्या पोटात जाते ते सरड्याच्या पोटात जाते.

हे मंडळातल्या पोरासोरांनाही पाठ आहे, कारण अध्यक्ष श्री. ओताकर मालात यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

कलम ४. आता कॉटेज. वडिलांचे जंगलाकाठचे कॉटेज आम्हा दोघी बहिणींच्या नावे अर्धे-अर्धे आहे. वरच्या खोल्या बोहुन्काच्या, तळघर आणि खालची खोली माझी. शहरातल्या घरात हीटरमुळे कोंडा खवट होतो, म्हणून पूर्वी साऱ्या मंडळाच्या रातकिड्यांचे खाद्य मी तळघरात ठेवीत असे. माझ्या हातचा कोंडा म्हटले की लोक डब्यात डोकावतही नसत. ही माझी अब्रू होती. दुसरी मला नव्हती आणि नकोही होती.

काही वर्षांपूर्वी एका शरदात अळंबी उदंड आली. ओताकरने पोती भरभरून वेचली, चिरली, चुलीवर वाळवली, आणि ठेवायला घट्ट झाकणाचे डबे मिळेनात. माझे मिळाले. त्याने माझा कोंडा कागदी पिशव्यांत ओतला, डब्यांत अळंबी भरली. मग हिवाळ्यासाठी कॉटेज बंद करताना, नळ रिकामे करून गाद्या उभ्या केल्यावर, दरवर्षीप्रमाणे कसरीची विषारी पट्टी टांगली. नेमकी त्या पिशव्यांवर. नाताळाला अळंबी घातलेला जवाचा भात आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारीत खाल्ला. डबे मोकळे झाले. त्याने कॉटेजवर जाऊन कोंडा पुन्हा डब्यांत भरला आणि मला आणून दिला. "घ्या ब्लाजेनाताई, तुमची ठेव," म्हणाला.

झाकण उघडल्यावर मला अळंबीचा वास आला. तळघराचा असेल, असे मी मनाशी म्हटले. मंडळाला वाटण्याआधी, संध्याकाळी तो कोंडा माझ्याच रातकिड्यांना घातला. सकाळी ते जरा लुळे दिसले, तर वाटले गारठले असतील. ते मी माझ्या सरड्यांना खाऊ घातले. पाद्रीबुवा हा माझा थोरला नर. अर्धे डोळे मिटून, दाढी फुगवून तो असा बसे की त्याच्यासमोर पापे कबूल करावीत. तो माझ्या मांडीवर थरथरत गेला. त्याच्या दोन्ही माद्या त्याच आठवड्यात गेल्या. येवा तेवढी हिवाळ्याची झोप घेत होती, काही खात नव्हती, म्हणून वाचली.

डॉक्टर म्हणाले, खाद्यातून विष गेले, पण बुरशीचे की बाहेरचे ते सांगता येत नाही. ओताकरने तेवढेच उचलले. भर सभेत उभा राहून म्हणाला, "ताईंचं वय झालं. नजर कमी झाली की बुरशी दिसत नाही. त्यांना आता विश्रांती देऊ या." टाळ्या पडल्या. खाद्याचे काम माझ्याकडून काढून घेतले. तेव्हापासून मी मंडळात 'बुरशीवाली आजी' आहे. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले.

वसंतात कॉटेज उघडले तेव्हा माझ्या फळीवर ती पट्टी लटकत होती, आणि कोपऱ्यात कोंडा चिकटलेल्या कागदी पिशव्या. मी त्याला बोलावून दाखवले.

"पट्टी दरवर्षी टांगतो," तो म्हणाला. "पण तुमचे डबे बंद होते. मी कशाला हात लावू त्यांना?"

"मग कोंड्याला अळंबीचा वास कसा आला, ओताकरराव?"

"तळघरात अळंबीचा नाही तर काय अत्तराचा येणार?"

चूक कोणाकडूनही होते. डबे मागितले असते तर मी दिलेही असते. पण स्वतःची चूक त्याने माझ्या म्हातारपणावर ढकलली, आणि ते मी माफ करीत नाही. मेल्यावरही करणार नाही, हे इथे लेखी देते.

सबब, कॉटेजचा माझा अर्धा हिस्सा ओताकर मालात यास मिळावा. हो, त्यालाच. मात्र मंडळाच्या वसंतसभेत सर्वांसमोर उभे राहून त्याने एवढे म्हणावे: "डबे मी रिकामे केले, पट्टी मी टांगली, ताईंचा कोंडा चांगला होता." न म्हटल्यास हिस्सा राडकाला जावा, आणि तिने तळघरात रातकिडे पाळावेत. थोडे नकोत, पुष्कळ. ओताकरचा पलंग बरोबर तळघराच्या वर आहे आणि त्याची झोप सावध आहे. खाली जिवंत प्राणी असताना घरात कुठेही पट्टी टांगता येणार नाही, हा भिंतीवरच्या त्याच्याच नियमांतला आठवा नियम आहे.

पुरवणी, त्याच दुपारी. वरील कलमे लिहून झाली. नोटरीबाई आल्या, शेजारी श्री. तूमा सही करायला आले. दुसरे साक्षीदार आले नाहीत. आली ती बोहुन्का, खसखशीचे गोड पाव घेऊन. नोटरीबाईंचा चहा होईपर्यंत तिने कलम चार वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"हे तो म्हणणार नाही, ताई."

"म्हणून तर लिहिलंय."

"मी म्हणते. पट्टी टांगताना शिडी मी धरली होती."

ती बोलत राहिली. "अळंबी काढून डबे मीच धुतले. तुला सांगायला निघाले होते, तर म्हणाला, अध्यक्षपद जाईल, गप्प बस. बसले."

"आणि इतकी वर्षं माझ्याकडे येऊन चहा पीत राहिलीस?"

"हो गं."

मला तिला हाकलून द्यावेसे वाटले, आणि तिचा हात धरावासाही वाटला. मी हात धरला. मग ती नोटरीबाईंकडे वळली. "हे मी लिहून सही केली तर चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण साक्षीदाराला आणि त्याच्या जोडीदाराला या कागदातून काही घेता येत नाही. तुमची माळ आणि शिवणयंत्र जाईल. तुमच्या यजमानांनाही हिस्सा मिळणार नाही, मग सभेत काही म्हणोत न म्हणोत."

"म्हणजे हिस्सा राडकाला?"

"सरळ राडकाला."

"रातकिड्यांसकट?"

"रातकिड्यांसकट."

"मग पेन द्या," बोहुन्का म्हणाली.

माळ मी उठून तिच्या गळ्यात घातली, शिवणयंत्र आजच घेऊन जा म्हटले. जिवंतपणी दिलेले मृत्युपत्रात मोजत नाहीत, याची नोटरीबाईंनी नोंद घेतली आहे. हे पान वसंतसभेत राडकाने मोठ्याने वाचावे, साक्षीदारांच्या सह्यांसकट.

यिहलावा, १४ मार्च २०२३

ब्लाजेना कोप्रिवोवा (सही)

साक्षीदार: स्लावोमिर तूमा, शेजारी (सही)

साक्षीदार: बोहुन्का मालातोवा, धाकटी बहीण. डबे माझ्या नवऱ्याने रिकामे केले, पट्टी त्याने टांगली, शिडी मी धरली होती. ताईचा कोंडा चांगला होता. (सही)