सात नंबरच्या वर्गाचं पाणी

आई, काल परीक्षेच्या ड्युटीवर मी चाळीस मुलींच्या पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलली. लेबलामागे उत्तरं लिहून आणतात म्हणे. एकीची बाटली रंगीत होती, ती बाहेर ठेवायला लावली. पोरगी बिचारी तीन तास ओठांवर जीभ फिरवत बसली आणि मी नियमावर बोट ठेवून उत्तरपत्रिकांवर सह्या करत राहिले. तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

बाबा कंपनीच्या नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर तुला कंपनीच्याच टाउनशिपमधल्या हिंदी शाळेत पाणी पाजायचं काम मिळालं. माझं दहावीचं केंद्रही तीच शाळा. परीक्षेच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: केंद्रावर कोणी नातेवाईक कामाला आहे का? खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, असा कर्मचारी त्या परीक्षार्थीच्या वर्गात जाणार नाही. हेडक्लार्क म्हणाले, "खाली छोड़ दो बेटा, कौन देखता है." मी तुझं नाव लिहिलं.

मग पाणी पाजणाऱ्या दुसऱ्या बाईंना आमच्या वर्गात पाठवावं, तर तेही नाही. कोणत्या व्हरांड्यात कोण, याच्या याद्या सही-शिक्क्यानिशी आधीच वर गेल्या होत्या. झालं, आमच्या सात नंबरच्या वर्गाला पाणीच नाही, आणि घरून बाटली आणायला बंदी. व्हरांड्यात कोणीतरी खडूने रेघ मारली. मार्चचं ऊन तापतंय, तू रेघेपलीकडे बादली आणि पेला घेऊन उभी आहेस. मी दारातून बघते तर तू मान फिरवतेस, उगाच नियम मोडायला नको म्हणून.

गणिताच्या पेपरला माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी चक्कर येऊन पडली. पर्यवेक्षक सर नियमांचं पुस्तक चाळत राहिले. तू रेघ ओलांडून आलीस, तिचं डोकं मांडीवर घेतलंस, तोंडावर पाणी मारलंस. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. तरी मेमो आलाच, आणि तुझं नोकरीत कायम होणं दोन वर्षं लांबलं. खुलासा मीच हिंदीत लिहून दिला, तू न वाचता सही केलीस.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीनं तेवढं नाव घातलं नसतं तर काय बिघडलं असतं?" तू ताडकन म्हणालीस, "माझी मुलगी खोटं लिहिणार नाही." पुढे येईल त्याला तू तेच कौतुक ऐकवत राहिलीस, अगदी शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तोंड उघडलं नाही.

हा कागद आता कुठे पाठवणार? तुझ्या ट्रंकेत ठेवते, तू जपून ठेवलेल्या त्या मेमोखाली. आई, मी ते खरेपणापोटी नव्हतं गं लिहिलं. माझ्या वर्गातल्या मुलींसमोर तू बादली घेऊन येऊ नयेस, म्हणून लिहिलं होतं.