दुसऱ्या रांगेतली तिसरी पट्टी

अण्णा, ती मेमरी तुम्ही बिघडवली नव्हती. हे वाक्य आधीच लिहून टाकते, कारण सकाळपासून मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का पाहायला, एकदा खिडकी लावायला, आणि एकदा काहीच कारण नसताना. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. मी आता दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर उघडते, दोष शोधते आणि काय बिघडलं, कशामुळे, हे दोन ओळींत लिहून देते. आपल्या घरच्या बिघाडाचा तसा कागद मी कधी केला नाही.

तुमची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सव्वीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस बदलापूरच्या दोन खोल्यांत दिवसभर करणार काय? आपल्या नळांचे वायसर बदलून झाले, शेजाऱ्यांचे मिक्सर झाले. मग तुमच्या जुन्या सुपरवायझरनी आनंदनगरला स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं आणि तुम्हाला बोलावून सांगितलं, "ड्रॉइंग वाचणारे माझ्याकडे चार आहेत. कॉम्प्युटरवर काढून देणारा एक पण नाही. दिवाळीपर्यंत शिकून या, टेबल तुमचं." घरी येऊन तुम्ही हे आईला दोनदा सांगितलंत, दुसऱ्यांदा 'टेबल' म्हणताना जरा थांबून. घरातला सेकंडहँड कॉम्प्युटर तुम्ही माझ्या अभ्यासासाठी आणलेला. त्यात मेमरी एक एमबी. ड्रॉइंगचा प्रोग्राम सुरू होता होताच मान टाकायचा. आणखी चार एमबी घातल्याशिवाय तुमचं शिकणं सुरूच होणार नव्हतं.

आपण दोघं उल्हासनगरला गेलो. दुकानातल्या सिंधी काकांनी बोटाएवढ्या चार हिरव्या पट्ट्या काउंटरवर मांडल्या आणि मला म्हणाले, "बेटी, चारों साथ में लगेंगी. एक भी ढीली रही तो मशीन चारों को नहीं पहचानेगी." तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे आमच्या लेथचा चार जबड्यांचा चक. एक जबडा ढिला राहिला की धरलेला जॉब उडालाच." काका खूश. "साईं, आपको तो सब पता है!" मला ते आवडलं नाही. माझ्या विषयातली गोष्ट तुम्हाला एका वाक्यात कळली, हे मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. दरवर्षी तुम्ही कंपनीत जाऊन लेथ पुसायचा, हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा. मी कॅबिनेट उघडते, स्क्रू वाटीत ठेवते आणि हात धुवायला आत जाते. परत येते तर वर्तमानपत्रावर चारही पट्ट्या ओळीत, प्रत्येकीवर ओल्या कुंकवाचं बोट, वर अक्षता.

"अण्णा, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? हत्यार आहे. पूजा नको?"

"यंदा लेथ नाही, तर म्हणे हे तरी," आई मधे पडली. "रागावू नकोस गं, चिमूटभर तर आहे."

मी पट्ट्या पुसल्या, सुक्या केल्या, एकेक करून बसवल्या. बटण दाबलं. पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे पळाले आणि एक हजार चोवीसवर थांबले. म्हणजे जुनी होती तेवढीच. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मग मी बोलले. "हे काय लेथ मशीन आहे, कुंकू लावायला? गेली मेमरी. ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?" आई आत निघून गेली. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "चारही नीट बसल्यात का बघ. एखादी ढिली असेल."

"बसल्यात," मी म्हणाले. मी पाहिलं नव्हतं.

पाच दिवस तो तसाच पडून होता. तुम्ही एकदाच विचारलंत, पट्ट्या काढून स्पिरिटनं पुसू का. मी नको म्हणाले. सहाव्या दिवशी तुम्ही वांगणीला एका मित्राकडे गेलात आणि मी टॉर्च घेऊन बसले. दुसऱ्या रांगेतली तिसरी पट्टी एका टोकाला केसभर वर होती. तिचा खटका लागलाच नव्हता. अंगठ्यानं दाबली, टक् झालं, आणि आकडे पाच हजार एकशे वीसपर्यंत गेले. कुंकवाचा कुठे मागमूस नव्हता.

तुम्ही दारात चपला काढता काढताच विचारलंत, "झाला का गं चालू?"

"हो. दुकानातून बदलून आणली."

"काही बोलले का ते?"

"नाही."

"भला माणूस," तुम्ही म्हणालात.

मी खुर्ची ओढून दिली. तुम्ही साबणानं हात धुतलेत, पुसलेत, येऊन बसलात आणि हात मांडीवर ठेवलेत. माउस पुढे केला तर म्हणालात, "तू धर, मी बघतो." तीन दिवस नुसतं बघितलंत. चौथ्या दिवशी बसलाच नाहीत. दिवाळी होऊन गेली. नंतर तुम्ही एका औषधकंपनीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला लागलात. "तिथं पण टेबल असतं," आईला म्हणालात. दोन वर्षं तेच केलंत, मग गेलात.

मला तुमच्या ओरडण्याची भीती वाटली असती तर हे लिहायला सोपं होतं. तुम्ही ओरडला नसतात. "बघ, जबडा ढिला होता," एवढंच म्हणाला असतात, शेजारी बसून दहा दिवसांत शिकून घेतलं असतं, आणि महिन्याभरात कदाचित माझ्या चुका दाखवल्या असत्यात. त्या घरात मला कळतं आणि तुम्हाला नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. मला ते सोडवलं नाही.

आई ही गोष्ट अजून सांगते. काल पाहुण्यांना सांगितली, "आमच्या ह्यांनी तर कॉम्प्युटरला कुंकू लावून पार मारून टाकला होता!" सगळे हसले, मीही हसले. तिला खरं सांगायचं म्हणून आज हे लिहायला घेतलं होतं. ती आता आत भाजी निवडतेय, पाच पावलांवर. मी उठले नाही. कागदाची घडी घालून वहीत ठेवतेय, कारण तिच्या लेखी चुकलेले तुम्हीच राहावेत, असं मला अजूनही वाटतं.