चिमणीची नळी आणि तुमचे बंधू

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (खरं ते लिहा. "आहेत आपले" हे उत्तर मी धरणार नाही.) आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे आणि तुमच्या बंधूंच्या पोटरीला सात टाके आहेत.

फोनवर त्यांनी तुम्हाला सांगितलं की तोल गेला, डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, घर विका आणि माझ्या शेजारी दोन खोल्यांत राहायला या. तुमची काळजी मला समजते. पण हे "बरं" म्हणाले, वन्सं! तुमच्याशी वादसुद्धा घातला नाही. येत्या शनिवारी घर बघायला माणसं येणार आहेत. तेव्हा काय झालं ते आधी नीट वाचा.

स्वयंपाकघरात चिमणी बसवणारा माणूस धुराची नळी बाहेर न काढता वर माळ्यावरच सोडून गेला. (तिथे भरपूर मोकळी जागा आहे म्हणाला. त्याच्या डोक्यातही असावी.) सहा महिने तळणाची वाफ माळ्यावर कोंडली, लाकूड ओलं झालं आणि ओट्यावरच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला. हे म्हणाले, मी नळी माळ्यातून पुढे नेतो आणि कौलांतून बाहेर काढतो. वय एकाहत्तर. पण कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला माणूस ऐकणार थोडाच! मी तोंडाची वाफ दवडली नाही. (घरात वाफ पुरेशी होती.)

अडचण होती ती पाय ठेवायची. माळ्याला जमीन नाही. तुळया आहेत आणि त्यांच्यामध्ये खालून ठोकलेलं पातळ छत, बिस्किटाइतकं भक्कम. या सगळ्यावर कापसासारखं जाड अस्तर, त्यामुळे तुळई कुठे आणि पोकळ कुठे हे वरून दिसत नाही. म्हणून मी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकत गेले, भरीव वाजेल तिथे कागदावर रेघ मारली आणि यांना नकाशा करून दिला. (मान वर धरवत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर उताणी पडून हे काम केलं. कुरिअरवाल्याने उघड्या दारातून पाहिलं आणि सही न घेताच तो गेला.) बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईचा नकाशा. प्रमाण, सूची, सगळं जागच्या जागी.

काम यांनी सुरेख केलं. कौल काढून टोपी बसवली, नळीला उतार दिला, सांधे बंद केले. मग मला खाली कढईत तेल तापवायला सांगितलं, धूर ओढला जातो का ते बघायला. शेवटचं कडं आवळण्यासाठी एक पाऊल सरकले, आणि छत फुटून चिमणीच्या अगदी पुढून, नेमका कढईच्या वर यांचा पाय आला. मांडीपर्यंत. चप्पल तेलात पडली आणि तळून निघू लागली.

"अगं, गॅस!"

"केला बंद! हलू नका!"

"हलतोय कुठला? अडकलोय इथे!"

"दुसरा पाय कशावर आहे?"

"माहीत नाही. खाली काहीतरी कुरकुरतंय."

पोटरीतून रक्त ठिबकत होतं आणि प्रत्येक थेंबाला तेल चरचरत होतं. कढई काढायला जावं तर माझं डोकं यांच्या पायाला लागणार आणि जे काय कुरकुरत होतं ते मोडणार. मी शिडी चढले, जन्मात पहिल्यांदा. इस्त्रीची फळी ओढत वर नेली, अस्तराखाली हात घालून तुळया चाचपल्या, दोन तुळयांवर फळी टाकली आणि यांना काखांत हात घालून ओढलं. हे म्हणत होते, "मी चुकलो गं. नकाशा हातात असून चुकलो." मी म्हटलं, "बोलू नका. आधी ओढू द्या."

त्याला नऊ दिवस झाले. हे खुर्चीत बसून असतात. हत्यारांची पेटी शेजारच्यांना देऊन टाकली. काल न्हाणीघरातला नळ गळायला लागला, तर म्हणाले, प्लंबरला बोलव. यांनी म्हणावं, वन्सं! आणि यांनी बसवलेली नळी अशी की धुराचा वाससुद्धा घरात राहत नाही. असं काम करणाऱ्याचं डोकं गेलं असं मी मानत नाही. एक पाऊल चुकलं म्हणून कोणी घर विकत नाही. त्या माणसांना येऊ नका म्हणून कळवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमची भावजय

ता. क. एक पाऊल चुकलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. पाऊल नकाशाबरहुकूमच पडलं होतं. उताणं पडून, कागद तोंडावर धरून काढलेला नकाशा वर उभं राहून वाचला की डावं ते उजवं होतं; आधीची पावलं तुळयांवर पडली ती नशिबाने. माळ्यावर हात घातला तेव्हा नकाशात पोकळ दाखवलेल्या जागी तुळई लागली, आणि मला कळलं. यांचं लक्ष नव्हतं. कागद मी कमरेला खोचला आणि दुसऱ्या दिवशी जाळला.

आणखी एक. हे सांगायला मी चार वेळा यांच्यासमोर बसले आणि चारही वेळा चहा घेणार का विचारून उठले. फोनवर तुम्हाला सांगायलाही जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही थोरल्या आहात, तुमचं हे ऐकतात. पत्र हाती पडताच फोन करा आणि वरचं ता. क. यांना वाचून दाखवा. मी कुठे जाणार नाही, समोरच बसेन. हे ओरडतील. ओरडू द्या. नऊ दिवसांत माझ्यावर एकदाही ओरडलेले नाहीत.