दगडाची चीर

ट्यूबिंगेन, १२ मे १९६४

प्रिय गेरलिंडेताई,

मी अगदी ठणठणीत आहे. टेकडी चढताना दोनदा थांबतो, पण ते नदी बघायला.

काल माझ्या विद्यार्थिनीने, रोसविथाने, भरसभेत माझं पुस्तक चूक ठरवलं! तेच, रोमन किल्ल्याच्या शिलालेखावरचं. त्याची सगळी पानं तूच सुवाच्य उतरवून दिली होतीस आणि त्याच्याच जोरावर मला प्राध्यापकी मिळाली.

ती उठून म्हणाली, "सर, तुम्ही किल्ल्याच्या सालातला म्हणून वाचलेला तो अंक नाही. ती दगडाला गेलेली चीर आहे."

मी पुढे जाऊन भिंगातून दगडाचा कागदावर घेतलेला ठसा नीट पाहिला. चीरच होती गं! मला हसू आवरेना. म्हटलं, "पोरी, तीस वर्षं मी चिरेलाच साल म्हणून शिकवत आलो!" पहिली टाळी मीच वाजवली. ती मात्र रडायलाच लागली.

रागावू नकोस हं. अक्षर तुझं निर्दोषच होतं. गुडघा कसा आहे?

निवृत्तीनंतर करायचं काय, या विचाराने माझी झोप उडाली होती. आता रोसविथा आणि मी मिळून पुस्तक नव्याने लिहितोय. आज सकाळी पहिलं वाक्य मी लिहिलं आणि तिने लगेच खोडलं. काय मजा येते म्हणून सांगू!

तुझ्या पाठचा,
एबरहार्ड